मधुमेह आणि स्मृतिभ्रंश : वेळीच घ्यावयाची काळजी

शेती हा आठवणीवर चालणारा व्यवसाय आहे. कोणत्या शेतात मागील हंगामात कोणते पीक होते, बियाणे किती लागले, युरियाचा दुसरा हप्ता कधी दिला, कोणत्या विहिरीचे पाणी मार्चनंतर खाली जाते, बांधावरून कोणाशी काय बोलणे झाले, हे सारे बहुतेक शेतकरी वहीत न लिहिता डोक्यात ठेवतात. अशा घरातील कर्ता माणूस साठीच्या आसपास विसरू लागला, तर नुकसान केवळ त्याचे होत नाही, तर संपूर्ण शेतीची घडी विस्कटते. मोटार चालू करून विसरणे, त्याच ओळीवर दोनदा फवारणी करणे, बाजारात पट्टीचा हिशेब न जमणे अशा गोष्टी घडू लागतात. घरचे लोक मात्र 'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून तिकडे दुर्लक्ष करतात.

ही म्हण सोयीची असली तरी पूर्ण खरी नाही. वयाप्रमाणे थोडा विसरभोळेपणा येतो हे खरे. परंतु बुद्धी नाठी होण्यामागे अनेकदा एखादा आजार असतो, आणि त्या आजाराचा धोका वाढविणाऱ्या कारणांमध्ये मधुमेह हे एक महत्त्वाचे कारण आहे. मधुमेहामुळे डोळे, मूत्रपिंड आणि पाय बिघडतात हे आता खेड्यापाड्यांतही माहीत झाले आहे. तो मेंदूवरही परिणाम करतो, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत आहे. यासाठी या दोन आजारांचा संबंध काय, तो कसा जुळतो आणि शेतकरी कुटुंबाने कोणत्या वयात कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

आजाराचा प्रसार

मधुमेह हा शहरातील बैठे काम करणाऱ्यांचा आजार, असा समज अद्याप टिकून आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०२१ मध्ये देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता. प्रौढांमधील प्रमाण ११.४ टक्के आढळले. शहरी भागात ते १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के होते. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. याखेरीज सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते.

स्मृतिभ्रंशाबाबत २०२३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या देशव्यापी पाहणीत, ६० वर्षांवरील १०० पैकी सुमारे ७ व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज वर्तविण्यात आला. एकूण संख्या सुमारे ८८ लाख होते. विशेष म्हणजे हे प्रमाण शहरापेक्षा ग्रामीण भागात जास्त आढळले. तेव्हा हे दोन्ही आजार आपल्या गावचेच आहेत असे समजून चालावे.

'आमच्या घरात कोणी जाड नाही, मग मधुमेह कसा होईल?' असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत अनेक वर्षे अभ्यास केला. आपल्याकडील बाळे इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत वजनाने कमी असली, तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते, असे त्यांना आढळून आले. हातपाय काटक आणि पोटावर चरबी, अशी आपली ठेवण असते. म्हणून अंगाने बारीक असलेल्या शेतकऱ्यानेही तपासणी करणे गरजेचे आहे.

स्मृतिभ्रंश म्हणजे काय?

स्मृती, विचारशक्ती, भाषा आणि निर्णयशक्ती इतकी कमी होणे की रोजचे व्यवहार दुसऱ्याच्या मदतीशिवाय होऊ नयेत, या अवस्थेस स्मृतिभ्रंश किंवा डिमेंशिया म्हणतात. याचे दोन प्रकार जास्त आढळतात. पहिला अल्झायमरचा आजार. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. त्यात मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात आणि पेशी हळूहळू मरतात. दुसरा प्रकार रक्तवाहिन्यांच्या बिघाडामुळे होणारा. त्यात मेंदूला होणारा रक्तपुरवठा ठिकठिकाणी कमी पडतो. अनेक वृद्धांमध्ये दोन्ही प्रकार एकत्र असतात. मधुमेहाचा संबंध या दोन्ही प्रकारांशी आढळतो, परंतु रक्तवाहिन्यांच्या प्रकाराशी तो अधिक घट्ट आहे.

मधुमेह मेंदूपर्यंत कसा पोहोचतो?

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, परंतु तो शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. त्याचे मुख्य इंधन म्हणजे रक्तातील साखर. साखर फार वाढली तरी आणि फार उतरली तरी त्याला त्रास होतो. हे नुकसान प्रामुख्याने चार मार्गांनी होते.

१) बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान : ठिबक सिंचनाच्या नळीत क्षार साचले म्हणजे प्रथम बारीक ड्रिपर बंद होतात. मुख्य नळीत पाणी वाहताना दिसते, पण काही झाडांना ते मिळत नाही. रक्तात साखर जास्त राहिली तर ती रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील प्रथिनांना चिकटते. भिंती जाड व कडक होतात आणि मेंदूच्या आतील अतिबारीक वाहिन्या एकेक करून निकामी होतात. सोबत रक्तदाब असेल तर हे काम दुप्पट वेगाने होते. कधी मोठी वाहिनी बंद पडून अर्धांगवायूचा झटका येतो. कधी लहान लहान झटके येऊन जातात आणि रुग्णाला ते समजतही नाहीत.

२) इन्शुलिनला दाद न देणे : क्षारपड जमिनीत ओलावा असूनही पीक सुकते, कारण मुळांना ते पाणी ओढून घेता येत नाही. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात असेच घडते. रक्तात साखर भरपूर असते, इन्शुलिनही असते, परंतु पेशी इन्शुलिनला दाद देत नाहीत. स्मृतीच्या कामासाठी मेंदूतील पेशींनाही इन्शुलिनची आवश्यकता असते. तेथेही हा अडथळा निर्माण होतो.

३) साफसफाईत खंड : शरीरात इन्शुलिनचा निचरा करणारे एक विकर असते. तेच विकर अमायलॉइड प्रथिनाचाही निचरा करते. एकच मजूर दोन शेतांवर लावला तर एक शेत मागे पडते. त्याप्रमाणे इन्शुलिनचे प्रमाण सतत जास्त राहिले की अमायलॉइडची सफाई मागे पडते, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. याबाबत संशोधन अद्याप चालू आहे.

४) साखर एकदम उतरणे : औषधाचा डोस जास्त झाला किंवा जेवण चुकले तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. अशा वेळी मेंदूच्या पेशी उपाशी राहतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील १६ हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. साखर उतरून रुग्णालयात जावे लागल्याची एक घटना ज्यांच्या बाबतीत घडली होती, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे सव्वापट आढळला. तीन किंवा अधिक घटना घडलेल्यांमध्ये तो जवळजवळ दुप्पट होता.

धोका नेमका किती?

नेदरलँडमधील रॉटरडॅम येथे ५५ वर्षांवरील ६ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास करण्यात आला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मधुमेहींमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट होता. त्यानंतर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित विचार केल्यास हा धोका सर्वसाधारणपणे दीड ते दोनपट धरता येतो.

दुप्पट हा शब्द वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. समजा, मधुमेह नसलेल्या १०० वृद्धांपैकी ७ जणांना स्मृतिभ्रंश होतो. दीडपट म्हणजे १०० मधुमेहींपैकी १० ते ११ जणांना होईल. राहिलेल्या ८९-९० जणांना होणार नाही. हा हिशेब केवळ समजण्यासाठी दिला आहे. मधुमेह झाला म्हणजे विसर पडणारच असे नाही आणि मधुमेह नाही म्हणून स्मृती शाबूत राहीलच असेही नाही. बियाण्याची उगवण क्षमता पिशवीवर लिहिलेली असली तरी कोणता दाणा उगवेल हे सांगता येत नाही, तसेच हे आहे. मात्र आपल्या हातात असलेली एक गोष्ट या अभ्यासांतून स्पष्ट झाली आहे. ती म्हणजे मधुमेह कोणत्या वयात सुरू होतो.

मधुमेह सुरू होण्याचे वय महत्त्वाचे

लंडनमधील सरकारी नोकरांचा एक अभ्यास १९८५ पासून चालू आहे. त्यातील १० हजारांवर लोकांच्या माहितीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. वयाच्या सत्तराव्या वर्षी मधुमेह नसलेल्यांशी तुलना केली असता पुढील फरक दिसला. ज्यांचा मधुमेह पाच वर्षांच्या आतील होता त्यांच्यात धोका फारसा वाढलेला नव्हता. ज्यांचा ६ ते १० वर्षांचा होता त्यांच्यात तो सुमारे दीडपट होता. ज्यांना दहा वर्षांपेक्षा अधिक काळापासून, म्हणजे साठीच्या आधीपासून मधुमेह होता, त्यांच्यात तो दुपटीपेक्षा जास्त होता.

याचा अर्थ शेतकऱ्यास सांगणे अवघड नाही. प्रत्येक पिकात तणाशी स्पर्धेचा एक नाजूक काळ असतो. सोयाबीनमध्ये पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस शेत तणविरहित ठेवले तर उत्पादन टिकते. तण माजू दिले आणि शेंगा भरताना कितीही निंदणी केली, तरी गेलेले उत्पादन परत येत नाही. मेंदूच्या दृष्टीने तो नाजूक काळ म्हणजे ३५ ते ६० हे वय. या वयात मधुमेह होऊच न देणे, झाला तर काटेकोरपणे आटोक्यात ठेवणे, यात सर्वांत जास्त फायदा आहे.

उशिरा केलेल्या कडक उपायांचा अनुभव काय आहे, हेही पाहणे योग्य ठरेल. अमेरिका व कॅनडा येथील एका मोठ्या चाचणीत दीर्घकाळ मधुमेह असलेल्या, सरासरी ६२ वर्षे वयाच्या रुग्णांची साखर औषधांनी फार खाली आणण्याचा प्रयत्न करण्यात आला. त्या गटात मृत्यूचे प्रमाण वाढल्याने २००८ मध्ये ते कडक उपचार थांबवावे लागले. स्मृतीची तपासणी केलेल्या सुमारे तीन हजार रुग्णांमध्ये ४० महिन्यांनंतर कडक उपचारांचा स्मृतीला फायदा झाल्याचे दिसले नाही. म्हणून मध्यम वयात काटेकोर आणि उतारवयात सावध, असे धोरण ठेवणे हितावह आहे.

तपासणी केव्हा व कोणती करावी?

वयाची ३० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाने वर्षातून एकदा रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र तसेच आयुष्मान आरोग्य मंदिर येथे ही तपासणी मोफत केली जाते. माती परीक्षणासाठी आपण तालुक्यापर्यंत नमुना पाठवितो. येथे तर बोटाच्या टोकावरचा एक थेंब पुरतो.

१) उपाशीपोटी साखर (प्रति १०० मिलिलिटर रक्तात) : १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास सर्वसाधारण. १०० ते १२५ असल्यास मधुमेहाचा उंबरठा. १२६ किंवा अधिक असल्यास मधुमेह.

२) एचबीए१सी : ही तपासणी मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखविते. ५.७ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास सर्वसाधारण. ५.७ ते ६.४ असल्यास उंबरठा. ६.५ किंवा अधिक असल्यास मधुमेह.

बोटाच्या थेंबावरील तपासणीत साखर जास्त आढळल्यास प्रयोगशाळेत रक्त तपासून निदान पक्के करून घ्यावे. उंबरठ्यावरील व्यक्तीने 'अजून काही झाले नाही' असे समजू नये. त्या अवस्थेत वजन, आहार व चालणे यांकडे लक्ष दिल्यास मधुमेह टाळता किंवा पुढे ढकलता येतो, आणि प्रत्येक पुढे ढकललेले वर्ष मेंदूच्या फायद्याचे असते.

आहाराविषयी गैरसमज

१) 'गुळाने साखर वाढत नाही.' हा समज ऊस व गूळ पिकविणाऱ्या भागात विशेष आढळतो. गूळ हा उसाच्या रसापासूनच होतो. त्यात काही खनिजे असली तरी मुख्य घटक साखरच आहे. मधुमेहींनी गुळाचा चहा हा पर्याय समजू नये.

२) 'चहातील साखर ती किती!' एका कपात दोन चमचे साखर आणि दिवसाला पाच कप चहा धरल्यास १० चमचे, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर होते. महिन्याला हा हिशेब दीड किलोवर जातो. शेतावर, पारावर आणि पाहुण्यांबरोबर होणारे कप मोजल्यास अनेकांचा आकडा याहून मोठा निघेल.

३) 'भाकरी कितीही खावी.' ज्वारी, बाजरी व नाचणीमध्ये तंतुमय पदार्थ जास्त असल्याने पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा आणि मैद्यापेक्षा ती निश्चित चांगली. परंतु भाकरीतही पिष्टमय पदार्थ असतातच. ताटाचा अर्धा भाग भाजी व कोशिंबीर, पाव भाग डाळ, मटकी, हुलगा, हरभरा यांची उसळ आणि पाव भाग भाकरी किंवा भात, असे प्रमाण ठेवावे.

४) 'उपासाने साखर कमी होते.' उपासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीने साखर झपाट्याने वाढते. उलट गोळी किंवा इन्शुलिन घेऊन कडकडीत उपास केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते. एकादशीपूर्वी डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा ठरवावी.

५) 'कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड पुरेशी आहे.' कारले ही चांगली भाजी आहे, ती जरूर खावी. परंतु तिच्या भरवशावर औषध बंद करणे म्हणजे वाढलेल्या शर्करेला मोकळे रान देणे होय.

ज्वारी, नाचणी, कडधान्ये आणि पालेभाज्या या वस्तू विकत आणण्याची गरज नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या शेतात त्या पूर्वापार होत आल्या आहेत. नगदी पिकांच्या क्षेत्रातून घरच्या गरजेपुरते दोन गुंठे भाजीपाल्यासाठी आणि एखादा पट्टा मालदांडी ज्वारी व कडधान्यांसाठी राखून ठेवल्यास कुटुंबाच्या ताटात आपोआप सुधारणा होते.

शेतातील काम म्हणजे पुरेसा व्यायाम आहे का?

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे देता आले असते. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्राने होते, शेतापर्यंत मोटारसायकल जाते आणि पाण्याची मोटारही मोबाइलवरून चालू होते. हंगामाचे काही आठवडे सोडल्यास अनेक बागायतदारांचे काम देखरेखीचे झाले आहे. म्हणून आठवड्यातून किमान पाच दिवस, रोज ३० मिनिटे भरभर चालावे. शेत एक-दीड किलोमीटरवर असेल तर मोटारसायकल घरी ठेवून पायी जाणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

रक्तदाब, तंबाखू व इतर बाबी

स्मृतिभ्रंश टाळण्याविषयी अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये १४ कारणांची यादी दिली. त्यात मधुमेहाबरोबर उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान, अतिमद्यपान, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, कमी ऐकू येणे, दृष्टी कमी होणे, डोक्याला मार लागणे, निराशा, एकटेपणा, हवेचे प्रदूषण आणि बालपणी शिक्षण कमी मिळणे ही कारणे आहेत. ही सर्व दूर करता आली तर जगातील जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येईल, असा त्यांचा अंदाज आहे.

यापैकी रक्तदाबाबाबत चीनमधील खेड्यांचा अनुभव आपल्यास उपयोगी आहे. तेथे ३२६ गावांतील सुमारे ३४ हजार रक्तदाबाच्या रुग्णांपैकी निम्म्या गावांत गावातील आरोग्यसेवकांनी नियमित औषधे देऊन रक्तदाब आटोक्यात ठेवला. चार वर्षांनंतर त्या गावांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी आढळले. हे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठे रुग्णालय जवळ नसतानाही, साध्या गोळ्या नियमित घेतल्याने हा फायदा झाला, हे लक्षात घ्यावे. रक्तदाब 'नॉर्मल' आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.

साखर उतरणे : लक्षणे व तातडीचे उपाय

इन्शुलिन तसेच ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत साखर उतरण्याचा धोका असतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत तो फार कमी असतो. रात्रपाळीच्या विजेवर पाणी देण्यास जाणारे, सकाळी गोळी घेऊन न्याहारी न करता खुरपणीस जाणारे आणि मद्यपान करणारे यांनी विशेष दक्ष राहावे.

लक्षणे : दरदरून घाम येणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, एकदम भूक लागणे, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, असंबद्ध बोलणे.

उपाय : साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास किंवा लक्षणे दिसल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. नंतर भाकरी किंवा दूध द्यावे. व्यक्ती बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही ओतू नये, ताबडतोब दवाखान्यात न्यावे. शेतावर जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावी.

फवारणी करताना घाम, थरथर व चक्कर आल्यास ती साखर उतरण्याची लक्षणे असू शकतात, तशीच कीटकनाशकाच्या विषबाधेचीही असू शकतात. अशा वेळी घरी अंदाज करीत बसू नये. रुग्णास फवारणीच्या जागेपासून दूर न्यावे, कपडे बदलून अंग धुवावे आणि औषधाच्या डब्यावरील लेबल सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. मधुमेही व्यक्तीने फवारणीचे काम शक्यतो टाळावे.

विसर पडू लागल्यास काय करावे?

चष्मा कोठे ठेवला हे विसरणे आणि मग आठवणे, ही वयाची गोष्ट आहे. तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारणे, रोजच्या पायवाटेवर वाट चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे ही आजाराची लक्षणे असू शकतात. मधुमेहात पुष्कळदा स्मृतीच्या आधी कामाचा क्रम बिघडतो. बीजप्रक्रिया, पेरणी, खत यांपैकी आधी काय व नंतर काय, यात अनुभवी माणूस घोटाळू लागतो, कामाला नेहमीपेक्षा फार वेळ लावतो. याकडे घरच्यांनी लक्ष द्यावे.

अशा व्यक्तीस डॉक्टरांकडे नेण्याची घाई करावी, कारण विसरण्याची काही कारणे बरी होण्यासारखी असतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे त्यातील प्रमुख कारण. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळते आणि शाकाहारी कुटुंबांत त्याची कमतरता वारंवार आढळते. त्यात मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्यास शरीरात ते कमी शोषले जाते. म्हणून मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारी असल्यास, बी-१२ ची तपासणी करून घ्यावी. मात्र गोळी परस्पर बंद करू नये. थायरॉईडचा बिघाड, निराशा, कमी ऐकू येणे आणि वारंवार साखर उतरणे ही देखील सुधारता येण्यासारखी कारणे आहेत.

स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यास घरातील व्यवस्था पुढीलप्रमाणे बदलावी.

१) औषधाची जबाबदारी घरातील एकाच व्यक्तीकडे द्यावी. विसरणारी व्यक्ती गोळी घेतल्याचे विसरून दुसऱ्यांदा घेते, साखर उतरते आणि मेंदूचे आणखी नुकसान होते. हे चक्र येथेच तोडावे. इन्शुलिन दुसऱ्याने द्यावे.

२) साखरेचे उद्दिष्ट डॉक्टरांशी बोलून बदलून घ्यावे. मध्यम वयात एचबीए१सी ७ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. स्मृती कमी झालेल्या वृद्धांमध्ये ८ टक्क्यांच्या आसपासही चालते, कारण तेथे साखर उतरणे जास्त धोक्याचे असते.

३) कीटकनाशके, तणनाशके कुलपात ठेवावीत. ती पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नयेत.

४) विहीर, स्टार्टर, कडबाकुट्टी यंत्र येथे त्या व्यक्तीस एकटे सोडू नये. खिशात नाव, गाव व फोन क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी.

५) जमिनीचे कागद, बँक व्यवहार आणि वाटणीचे विषय समज शाबूत असतानाच सर्वांसमक्ष मार्गी लावावेत.

६) त्या व्यक्तीस 'चळ लागला' म्हणून हिणवू नये. जमेल ते काम द्यावे. शेंगा फोडणे, बियाणे निवडणे, वासराला चारा घालणे यात मन रमते आणि मानही राहतो.

सांभाळणारी व्यक्ती बहुधा घरातील सून किंवा पत्नी असते. शेतकाम, स्वयंपाक सांभाळून रात्रीची जागरणे तिच्या वाट्यास येतात. तिला आठवड्यातून काही वेळ मोकळीक मिळेल अशी पाळी घरातील इतरांनी लावावी. सल्ल्यासाठी टेली मानस या शासकीय मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो.

समारोप

स्मृतिभ्रंश पूर्ण बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. म्हणून जे काही मिळवायचे ते आधीच्या पंचवीस वर्षांत मिळवावे लागते. तीस वर्षांनंतर वर्षातून एकदा तपासणी, चहातील साखरेवर नियंत्रण, रोजचे चालणे, रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या न चुकता घेणे आणि उतारवयात साखर उतरू न देणे, एवढ्या गोष्टी पाळल्यास धोका बराच कमी होतो. जमीन एकदा क्षारपड झाली की ती सुधारण्यास अनेक वर्षे आणि मोठा खर्च लागतो. पाणी वेळीच मोजून देणे मात्र कोणासही जमते. येत्या हंगामाची तयारी करताना माती परीक्षणाबरोबर घरातील तिशीवरील सर्वांच्या रक्ततपासणीचीही तारीख वहीत लिहून ठेवावी.